उतू जाणारी वीज

सोमवार, ३ फेब्रुवारी

फार वर्षांपूर्वी एका दुपारी आम्ही दोघं लोकांच्या सोफ्यावर बसून चहा प्यायलो होतो. सगळं सामान ट्रकमध्ये चढलं होतं, नव्या घराची किल्ली आणणारा माणूस अजून यायचा होता. सोफा शेवटी चढवल्यामुळे मागच्या दारातच होता, रस्त्याकडे तोंड करून. हे म्हणाले, "बसा बाईसाहेब, दिवाणखान्यात." थर्मास माझ्या पिशवीत होताच. येणारेजाणारे बघत होते. एक आजोबा थांबून म्हणाले, "विकायचाय का?" ह्यांनी गंभीर चेहऱ्याने सांगितलं, "सोफा लोकांचा आहे, बाई माझी आहे. दोन्ही विकायचं नाही." मला हसू आवरेना, चहा सांडला, आणि मग रुमाल ओला करून दोघं मिळून लोकांचा सोफा पुसत बसलो.

आज ते आठवलं, कारण ट्रक रंगवून घरी आला आणि मी त्याच्या रिकाम्या डब्यात जाऊन उगीच बसून आले.

वही नवी आहे, म्हणून नीट मांडते. शाळेत सिस्टर निबंधाला आधी कोण, कुठे, कशासाठी ते लिहायला लावायच्या. ती सवय हाडात मुरली आहे. तर, ह्यांचा धंदा लोकांची घरं हलवण्याचा. मी काचसामान बांधायचे, फोन घ्यायचे. गेल्या उन्हाळ्यात ह्यांना झटका आला. उजवा हात गेला आणि बोलणंही गेलं. आता "हं" आणि "ना" एवढेच दोन शब्द आहेत, आणि दोन्ही एकाच सुरात. ट्रक ताडपत्रीखाली पडून होता. मग धाकटीचं ऑफिस बंद झालं आणि ती म्हणाली, बाबांचा ट्रक मी चालवते. तिला चालवता येतो, ह्यांनीच शिकवलाय. ट्रक माझ्या नावावर आहे, म्हणून मला विचारलं. मी हो म्हटलं.

पहिलं काम मिळालंसुद्धा. तेवीस तारखेला, रविवारी, एका संगीतशिक्षिकेचं घर हलवायचं आहे. पियानोही आहे.

म्हातारा ट्रक पाहून गिऱ्हाईक बिचकेल म्हणून रंग मी काढून घेतला. आकाशी निळा. रंगाऱ्याला बजावलं होतं की बॉनेटच्या आतसुद्धा रंग हवा, आणि जे जे खोलाल ते पुन्हा बसवताना खाली चकती घाला. घरं हलवून हलवून मला एवढं एक कळतं, की दोन कडक वस्तूंमध्ये काहीतरी मऊ असावं. माझा चकत्यांचा डबा त्याच्या हवाली केला. फेल्टच्या, रबराच्या, सगळ्या आकाराच्या. तो म्हणाला, "बाई, तुमच्यासारखं गिऱ्हाईक आजवर पाहिलं नाही." मला बरं वाटलं.

संध्याकाळी धाकटी डिझेल भरून आली. दिवे असे लख्ख, की दोरीवर वाळत घातलेल्या चादरीतून पलीकडची भिंत दिसली. मी म्हटलं, "वा, काय उजेड आहे!" तेवढ्यात एक दिवा गेला. मग दुसरा. बॉनेट उघडलं तर सडक्या अंड्यांचा वास.

"आई, बॅटरी उकळतेय."

"म्हणजे चांगलं की वाईट?"

धाकटीने धावत जाऊन इंजिन बंद केलं.

बुधवार, ५ फेब्रुवारी

वायरमन येऊन गेला. पन्नाशीचा, दोरी बांधलेला चष्मा. यंत्रांशी नातेवाइकांशी बोलावं तसं बोलतो. बॅटरीची झाकणं काढून म्हणाला, "अगं बाई, घसा कोरडा पडला की तुझा." आतलं पाणी आटलं होतं, कडेला पांढरी खपली धरली होती. बॅटरी गेलीच. नवी बसवली.

पण मग त्याने मीटर लावला आणि ट्रक सुरू केला. काटा चौदा व्होल्टच्या आसपास थांबायला हवा म्हणे. धाकटीने जरा जोर दिला तर तो सोळाही ओलांडून गेला.

मला समजावून सांगितलं त्याने, ते इथे उतरवते. इंजिन फिरलं की डायनामो वीज करतो आणि बॅटरीत भरतो. किती भरायची, ते एक छोटी पत्र्याची डबी ठरवते. तिला कटआउट म्हणतात. ती इंजिनामागच्या पत्र्यावर असते. तिने बस म्हटलं की डायनामो हात आखडता घेतो.

"तुमची डबी बस म्हणतच नाहीये, मावशी. आजी वाढते तसं चाललंय. पोट फुटलं तरी वाढतेच आहे."

"मग?"

"मग कटआउट बदलू. सोपं आहे."

सोपं म्हणाला तेव्हाच मला शंका आली. ह्यांना पियानो जिन्यावरून चढवताना कोणी सोपं म्हटलं, की हे त्या माणसाला बाजूला उभं करायचे.

रंगाऱ्याने उरलेला रंग ठेवला होता. वाया कशाला घालवायचा, म्हणून दुपारी ह्यांच्या खिडकीची लोखंडी जाळी मी त्यानेच रंगवली. ह्यांची खुर्ची त्या खिडकीशीच असते, अंगणातला ट्रक समोर दिसतो. आता खिडकी आणि ट्रक एकाच रंगाचे. मला वाटलं, ह्यांना आवडेल.

शनिवार, ८ फेब्रुवारी

थोरला आला होता. एकटाच. सून माहेरी गेली आहे. आल्या आल्या बॉनेटमध्ये डोकावला. वासाने मागे सरला.

"आई, तू ह्यात पडू नकोस."

"पडले कुठे? माझ्या नावावर आहे, म्हणून उभी आहे."

"थट्टा नकोय. ह्या बॅटऱ्या फुटतात. ॲसिड उडतं. उद्या धाकटी वाकून बघत असताना फुटली म्हणजे? डोळे जातील तिचे."

धाकटी तिथेच पाना हातात घेऊन उभी. म्हणाली, "दादा, तू खुर्चीवरची नोकरी धरलीस तेव्हापासून तुला चाकं असलेल्या सगळ्याचीच भीती वाटते. सायकलसुद्धा विकलीस."

"भीती नाही म्हणत त्याला. अक्कल म्हणतात."

"मग थोडी बॅटरीत घाल, बस म्हणायला शिकेल."

मला हसू आलं, पण थोरल्याचा चेहरा बघून गिळलं. तो खोटं बोलत नव्हता. वायरमनने स्वतःच तोंडाला फडकं बांधलं होतं.

शेवटी असं ठरलं. एकवीस तारखेपर्यंत, म्हणजे पियानोच्या आधीच्या शुक्रवारपर्यंत, काटा चौदावर थांबला तर ट्रक धाकटीचा. नाही थांबला, तर थोरल्याच्या ओळखीचा भंगारवाला येऊन घेऊन जाईल, आणि मी कागदावर सही करीन. शब्द माझ्याकडून घेतला त्याने. धाकटीकडून नाही. तिने दिलाच नसता. मी दिला, आणि देताना खिडकीकडे पाहिलं नाही.

धाकटीचं काय होईल मग? नोकरीसाठी पाच ठिकाणी जाऊन आली. सगळीकडे कळवतो म्हणाले. कळवलं कोणीच नाही. ट्रकचं ठरल्यापासून ती पहिल्यांदा पोटभर जेवते आहे.

जाण्याआधी थोरला ट्रकच्या डब्यात चढला. सामानाला गुंडाळायच्या जुन्या रजयांची थप्पी आहे तिथे. बराच वेळ तिच्यावर हात ठेवून उभा होता. धूळ किती आहे ते बघत असावा. पूर्वीपासून टापटिपीचा आहे.

सोमवार, १० फेब्रुवारी

ह्यांनी जाळी खरवडायला घेतली आहे. चमच्याच्या दांड्याने, डाव्या हाताने. काल पहिल्यांदा लक्षात आलं. एकाच जागी खरवडतात, पोस्टाच्या तिकिटाएवढी जागा, आतलं लोखंड चकचकीत दिसेपर्यंत. मग माझ्याकडे बघतात.

"रंग आवडला नाही का?"

"ना."

"ना म्हणजे नाही आवडला, की तसं नाही?"

"ना. ना."

चमचा काढून घेतला. दुपारी बघते तर शर्टाच्या बटणाने चाललंय. व्यायाम करून घ्यायला येणारी बाई म्हणाली, अशा आजारात हाताला चाळा लागतो, मनावर घेऊ नका. हातात द्यायला स्पंजचा चेंडू आणते म्हणाली.

मी तेवढ्या जागेवर पुन्हा रंगाचा हात फिरवला. हे माझ्याकडे असे बघत होते की जणू मीच आजारी आहे.

गुरुवार, १३ फेब्रुवारी

नवा कटआउट बसला. वायरमनने जुना काढला तेव्हा मी शेजारी उभी राहिले. डबीच्या मागची फेल्ट आणि स्क्रूखालच्या रबरी चकत्या त्याने बाजूला टाकल्या, तेव्हा मी उचलून पुसून त्याच्या हातात दिल्या. "हे राहिलं." तो म्हणाला, "हो मावशी," आणि जिथल्या तिथे बसवल्या. सांगितलेलं ऐकतो, हे बरं आहे. हल्लीच्या कारागिरांना काही सांगायची सोय नाही.

ट्रक सुरू केला. काटा चौदा. पंधरा. सोळा. आणखी वर.

वायरमनने चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. काटा तिथेच.

"नवा आहे ना हा?" धाकटीने विचारलं.

"डब्यातून आत्ता काढला, तुमच्यासमोर."

"मग नवासुद्धा खराब असेल."

"दोन्ही खराब? ताई, असं नशीब असतं तर मी लॉटरीचं तिकीट काढलं नसतं?"

आता डायनामोतच दोष असणार, असं त्याचं मत पडलं. खोलून घेऊन गेला. त्या जागी मोठं भोक दिसतंय. दात काढल्यासारखं.

शाळेत सिस्टर बेरीज चुकली की पुसून पुन्हा करायला लावायच्या नाहीत. चुकलेली तशीच ठेवून शेजारी दुसऱ्या रीतीने करायला लावायच्या. मला तेव्हा ते फार जाचक वाटायचं. इथे आम्ही एकाच रीतीने पुन्हा पुन्हा करतोय का, असं आज वाटून गेलं. पण मला डायनामोतलं काय कळतं?

सोमवार, १७ फेब्रुवारी

डायनामो बदलला, जुना परत आणून दिला. काटा सोळावर.

वायरमनने केबिनमध्ये काट्यांच्या मागे हात घालून एक वायर बाहेर काढली. तिचं प्लास्टिक मऊ पडलं होतं, बोटाचा ठसा उमटला. म्हणाला, "जो कोणी धोका आहे म्हणाला ना, तो चुकीचं नाही बोलला."

ते ऐकून धाकटी घरात निघून गेली. मी मागोमाग गेले. ती ओट्याशी उभी राहून कोरड्या फडक्याने कोरडे पेले पुसत होती.

"तू थोरल्याला फोन करणार आहेस ना?"

"शुक्रवारपर्यंत नाही."

"पण करणार."

"शब्द दिलाय गं."

"त्याला दिलास. मला काय दिलंस?"

"तुला ट्रक दिला होता."

"निळा रंग देऊन! जसा काही मी खेळण्यातला मागितला होता."

मग पेला जपून खाली ठेवला. रागातसुद्धा तिने वस्तू आपटली नाही. आमच्या घरात ते कोणाला येतच नाही. थोड्या वेळाने म्हणाली, "रंग चांगला झालाय. मी उगीच बोलले."

मी संगीतशिक्षिकेला फोन केला. म्हटलं, शनिवारी सकाळी नक्की कळवते. त्या म्हणाल्या, "तुमच्या यजमानांनीच तीस वर्षांपूर्वी हा पियानो इथे आणला होता. जिन्यात अडकला तेव्हा त्यांनी माझा कठडा कापायचा नाही असं ठरवून पियानोचेच पाय काढले, आणि पुन्हा लावले. म्हणून तर तुम्हाला बोलावलं." हे मला आठवतच नव्हतं. किती पियानो, किती जिने.

ह्यांना सांगितलं. डोळे भरून आले त्यांचे. मग बटणाने पुन्हा जाळीवर. ह्या वेळी मी अडवलं नाही. खरवडा, म्हटलं.

बुधवार, १९ फेब्रुवारी

उशीर झाला आहे. पण लिहितेच.

वायरमन सकाळी आला. हातात काही नवीन सामान नाही. म्हणाला, "आज बदलायला नाही आलो. विचारायला आलोय." पायरीवर बसला. मी चहा आणला. धाकटी चाकावर बसली होती.

"हा ट्रक बाबांच्या हातात होता तेव्हा कधी असं झालं?"

"कधीच नाही," धाकटी म्हणाली. "आणि ताडपत्री काढली तेव्हाही मी गल्लीत चक्कर मारली होती. ठीक होता."

"मग ताडपत्री काढल्यावर आणि उकळायला लागायच्या आधी काय झालं?"

"रंग," मी म्हटलं.

"रंगाने काय होतंय," तो म्हणाला, आणि कप तोंडाशी नेता नेता थांबला. "रंगाऱ्याने बॉनेटमध्ये काय काय खोललं होतं?"

मला अगदी बरं वाटलं की मला उत्तर येत होतं. "सगळं! ती डबी, दिव्यांच्या पट्ट्या, भोंगा. आत दोन हात रंग, स्क्रूच्या भोकांतसुद्धा. आणि बसवताना प्रत्येकाखाली चकती." आत जाऊन डबा घेऊन आले. झाकण उघडून त्याच्यापुढे धरलं, पाहुण्यापुढे वड्या धराव्यात तसं. "ह्याच. कटआउटच्या मागे ही फेल्ट, आणि स्क्रूच्या डोक्याखाली ह्या रबरी. तुम्हीच नाही का त्या दिवशी पुन्हा बसवल्यात? मी दिल्या होत्या की हातात."

वायरमनने डब्यात पाहिलं. धाकटीने पाहिलं.

"मावशी," तो हळूच म्हणाला, "तुम्ही त्याला गादीवर झोपवलंत."

"म्हणजे?"

"त्या डबीला उघड्या लोखंडावर बसायचं असतं. तिची एक वायर तिचं अंगच आहे. अंग ट्रकला टेकलेलं असेल तरच तिला कळतं किती वीज झाली. खाली फेल्ट, वर रबर, मध्ये दोन हात रंग. बिचारीला काही कळतच नाही. मग कोणाला बस म्हणणार?" मग कपाळावर हात मारून घेतला. "आणि मी! तीस वर्षं हेच करतोय. मावशी शेजारी उभ्या आहेत म्हणून मुकाट्याने चकत्या लावल्या! आईची आठवण झाली तुम्हाला बघून, काय करणार."

धाकटी तोवर उठून गेलीही होती. वायरचा एक तुकडा घेतला, एक टोक डबीच्या पायाला लावलं आणि मला म्हणाली, "आई, मी सुरू करते. तू दुसरं टोक धर. सांगितलं की इंजिनाच्या लोखंडाला टेकव. फिरणाऱ्या पट्ट्याजवळ हात न्यायचा नाही."

"मी?"

"तूच."

ट्रक सुरू झाला. वायरमन मीटर धरून ओरडला, "सोळा! वर चाललाय! टेकवा!"

मी टेकवलं. इंजिनाचा आवाज किंचित बदलला, ओझं उतरल्यावर माणूस श्वास सोडतो तसा. वायरमन ओरडला नाही. त्याने मीटर वळवून माझ्यासमोर धरला. चौदा. उचललं, सोळा. टेकवलं, चौदा. मी पाच-सहा वेळा केलं. धाकटी केबिनमधून म्हणाली, "आई, पुरे! खेळणं आहे का ते?"

मग वायरमनने डबी काढली आणि पत्र्यावरचा रंग खरवडायला मलाच पटाशी दिली. म्हणाला, "तुमची गादी, तुम्हीच काढा." मी तो सुंदर निळा रंग खरवडला, आतलं लोखंड चकचकीत दिसेपर्यंत. डबी त्यावर घट्ट बसवली, वर एक जाड तार इंजिनाला जोडली. वितळलेली वायर बदलली. चकत्यांचा डबा मी घरात नेऊन ठेवला.

ह्या सगळ्या गडबडीत हे खिडकीतून चमचा वाजवत होते, "हं! हं!" करत. चहाची वेळ टळून गेली होती, आणि मला भानच नव्हतं. किती वाईट वाटलं. लगेच करून नेला. चहा घेतला नाही, माझा हात धरून ठेवला. बोटांना रंगाचा चुरा लागला होता तो बघत होते.

गुरुवार, २० फेब्रुवारी

ह्यांचं जाळी खरवडणं एकदम थांबलं. आज दिवसभरात एकदाही नाही. व्यायामाच्या बाईने परवा स्पंजचा चेंडू दिला होता, त्याचा गुण. तिला आवर्जून सांगितलं. ती म्हणाली, चेंडू तर अजून पिशवीतच दिसतोय. असो, घरात आला तेवढ्यानेही फरक पडत असेल.

शुक्रवार, २१ फेब्रुवारी

थोरला सुट्टी काढून आला. वायरमन मीटर ठेवून गेला होता, तो सरळ मागितला. धाकटी चालवायला, हा शेजारी, मांडीवर मीटर. गेले. आले. मी फाटकात उभी.

"किती?"

"चौदा." उतरला नाही. "दिवे लावून बघू." गेले. आले.

"चौदा. चढावर बघायला हवं."

तिसऱ्यांदा परतले तेव्हा धाकटी वैतागलेली. "आई, ह्याला सांग आता. चढ झाला, उतार झाला, पंखा लावून झाला, भोंगा वाजवून झाला!"

"अजून एक चक्कर," थोरला म्हणाला. "नदीच्या रस्त्याने. बाबा न्यायचे तिकडून."

फार शंकेखोर झाला आहे. पण ठीक आहे, त्याचं समाधान होऊ दे. चौथ्या वेळी बराच उशीर लावला. परत आले तर हाच चालवत होता, धाकटी शेजारी. गिअर बदलताना कर्कश आवाज आला आणि खिडकीतून हे ओरडले, "ना!" आम्ही तिघंही हसलो. हेही हसले. तोंडाची एकच बाजू हसते, पण हसले.

भंगारवाल्याला त्याने माझ्यासमोरच फोन केला. नको म्हणून सांगितलं. मग धाकटीला म्हणाला, "बॅटरीवर वाकताना चष्मा घालायचा."

"हो."

"हो नाही. घालते म्हण."

"घालते रे बाबा."

रविवार, २३ फेब्रुवारी

पियानो पोचला. एक ओरखडा नाही.

घरी ह्यांच्यापाशी थांबायला कोणी नव्हतं, मी काचसामान बांधायला हवी होते, म्हणून धाकटीने त्यांना पुढच्या सीटवर बसवून घेतलं. चढवायला थोरला आणि दोन हमाल. हे आधी नुसते बसून होते. दोऱ्या बांधून झाल्या आणि धाकटी निघणार, एवढ्यात दाराशी खुडबुड करायला लागले. उतरवलं. काठी टेकत मागे गेले, प्रत्येक गाठ डाव्या हाताने ओढून पाहिली. पियानोच्या खालची एक सैल निघाली. "ना." धाकटीने सोडून पुन्हा बांधली. "हं." मग ते आपणहून पुढे जाऊन दाराशी उभे राहिले, चढवण्याची वाट बघत.

संगीतशिक्षिकेने नव्या घरात पियानो उघडून थोडं वाजवलं. सूर बिघडले होते, प्रवासात बिघडतातच. हे डोळे मिटून ऐकत होते. परतीच्या वाटेवर त्यांना झोप लागली, महिन्यांनी अशी शांत.

मंगळवार, २५ फेब्रुवारी

ट्रकचे कागद धाकटीच्या नावावर करायला दिले. हात लागलाच आहे, तर बाकीचंही आज लिहून ठेवते, म्हणजे पुढे कोणाला डोकं खाजवत बसायला नको. मला काही झालेलं नाही. नुसतं आवरून ठेवते आहे.

ट्रक धाकटीचा. दोऱ्या, ढकलगाडी, जिन्यावर टाकायच्या फळ्याही तिच्याच. रंग उडेल तिथे उडू द्यावा. बॉनेटच्या आत पुन्हा कोणी रंग देऊ नये.

जुना डायनामो आणि जुना कटआउट, दोन्ही बिनदोष असताना काढले गेले. ते वायरमनला द्यावेत. कोणाच्या तरी ट्रकला उपयोगी पडतील. सोबत आठवण म्हणून माझा चकत्यांचा डबाही द्यावा. तो हसेल, हसू द्यावं.

निळ्या काठाचे पाच कप सुनेला. एका गिऱ्हाइकाने मागे ठेवले आणि पत्ता न देता गेलं, अजून कोणी न्यायला आलेलं नाही. सहावा माझ्या हातून फुटला, हे तिला सांगायला हरकत नाही. तिला वाटतं माझ्या हातून काही फुटत नाही.

रजया थोरल्याला. सगळ्या नाही, हिरवी आणि तपकिरी. लहानपणी काम लांबलं की तो त्यांच्यावर झोपायचा आणि हे त्याला रजईसकट उचलून घरात आणायचे. धुऊन देऊ नये. तो टापटिपीचा आहे, स्वतः धुईल. किंवा नाहीही धुणार.

आता ह्यांचं. मी आधी गेले तर थोरला त्यांना आपल्याकडे नेईन म्हणाला आहे, बाई ठेवीन, वेगळी खोली देईन. मनापासून म्हणाला. त्याच्याकडे राहावं त्यांनी, खाणंपिणं, औषध तो चुकवणार नाही. पण धाकटीचं काम असेल त्या सकाळी त्यांना ट्रकमध्ये पुढे बसवून न्यावं. स्वेटर घालावा, खिडकी अर्धीच उघडावी. सामान चढून दोऱ्या बांधून झाल्या की त्यांना खाली उतरवावं आणि मागे जाऊ द्यावं. वेळ लागतो, गिऱ्हाईक घाई करेल, करू द्यावी. ते हं म्हणेपर्यंत ट्रक सुरू करायचा नाही.